चालता वाद्यवृंद आणि त्याचे गुरु

गेल्या वैशाखांत माझ्या पुतण्याची थोरली मुलगी अमेरिकेंतून आठ दिवसांकरितां घरीं आली होती. तिच्या सामानांत एक लांबट काळी पेटी होती. ती पेटी तिनें कोणाच्या हातीं दिली नाहीं. स्वतःच जिन्यावरून वर नेली. उघडली तेव्हां आंतून पितळी तुतारी निघाली. आपल्याकडील शिंगासारखी वांकडी नव्हे. तीन कळांची, ट्रंपेट म्हणतात ती. मुलगी यंत्रशास्त्र शिकावयास गेली आहे हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. ती तेथील विद्यापीठाच्या बँडांत वाजवीत चालते, हें मात्र तिच्या आईखेरीज कोणासच ठाऊक नव्हतें. "अग, एवढा पैसा खर्चून तुला तिकडे पाठविली, ती वरातींत वाजवायला का?" असें आमच्या थोरल्या वहिनींनीं विचारलें आणि माजघरांत हंशा पिकला.

पोर मात्र हंसली नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती माझ्या खोलींत येऊन बसली व म्हणाली, "तात्याआजोबा, पुढल्या सत्रापासून माझ्याकडे बारा मुलांची तुकडी सोंपविणार आहेत. तुम्हीं जन्मभर मुलें सांभाळलींत. काय करायचें असतें हो त्यांत?"

या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. कां देतां आलें नाहीं तें पुढें सांगेन. पण त्या आठ दिवसांत तिनें मला पुष्कळ चलच्चित्रें दाखविलीं, मींही वाचून पाहिलें, आणि त्यांतून एका वाद्यपथकाची हकीकत हातीं आली. ती या पृष्ठांच्या वाचकांपुढें मांडावी असें वाटलें.

प्रथम हें पाहूं, कीं विद्येच्या घरीं हा ढोल शिरला कसा. रणवाद्यें आपल्यालाही अपरिचित नाहींत. गीतेच्या पहिल्याच अध्यायांत पणव, आनक, गोमुख हीं नांवें आपण लहानपणीं पाठ केलेलीं आहेत. पण वाद्य रणांत असणें निराळें व तें विद्यापीठांत असणें निराळें. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां १८६२ सालीं मॉरिल यांच्या नांवाचा एक कायदा झाला. त्या अन्वयें मध्यवर्ती सरकारनें प्रत्येक राज्यास जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नांतून शेतकी व यंत्रकला शिकविणारीं कॉलेजें काढावीं असें ठरविलें. शिक्षणक्रमांत लष्करी कवाईतही असली पाहिजे, अशी त्यांत अट होती. कवाईत आली कीं ढोल आला, ढोल आला कीं तुतारी आली. अशा रीतीनें शेतकी शिकावयास आलेलीं मुलें गणवेष घालून वाजवीत चालूं लागलीं.

पुढें फूटबॉलचे सामने सुरू झाले. तेथील फूटबॉल म्हणजे आपला पायांनीं खेळावयाचा खेळ नव्हे. चेंडू कवटाळून एकमेकांवर तुटून पडण्याचा. त्याच्या मध्यंतरीं लोकांचें मन रमवावयाचें कोणी, तर बँडानें. १९०७ सालीं इंडियाना राज्यांतील परड्यू विद्यापीठाच्या बँडानें आपली लष्करी रांग मोडून मैदानावर 'पी' हें अक्षर उभें केलें. माणसांनीं अक्षर काढण्याचा हा आरंभ. १९३६ सालीं ओहायो राज्य विद्यापीठाच्या पथकानें त्यापुढें मजल मारली. चालतां चालतां त्यांनीं आपल्या राज्याचें नांव वळणदार लिपींत लिहिलें. त्यांतील 'आय' या अक्षरावरचें टिंब होण्याचा मान सूझाफोन वाजविणाऱ्यास मिळतो. मैदानभर लोक त्या एका टिंबासाठीं उठून उभे राहतात असें ऐकतों. सूझाफोन म्हणजे अंगाभोंवतीं अजगरासारखें वेटोळें घेणारें प्रचंड पितळी वाद्य. जॉन फिलिप सूझा या बँडमास्तराच्या सांगण्यावरून गेल्या शतकापूर्वीच्या शतकाच्या अखेरीस तें घडविलें गेलें म्हणून हें नांव.

या चालण्याचें गणित मला फार आवडलें, तेव्हां तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मैदान शंभर यार्डांचें, आणि दर पांच यार्डांवर एक पांढरी रेघ. दोन रेघांमध्यें बरोबर आठ पावलें टाकावयाचीं. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचें झालें. सहा फुटी मुलगा असो कीं आमच्या पोरीसारखी पांच फुटी मुलगी असो, पाऊल साडेबावीस इंचांचेंच. रेघेवर पाऊल पडलें कीं नाहीं हें पाहण्यास मान खालीं घालावयाची नाहीं. शिवाय तोंडीं तुतारी, आणि संगीत मुखोद्गत. आमच्या वेळीं रूपावलि पाठ करून घेतांना गुरुजी आम्हांस मांडी हलवूं देत नसत. चालत चालत वाजविणें म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून करावी.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. फ्लोरिडा राज्यांत टॅलाहासी या राजधानीच्या गांवीं १८८७ सालीं कृष्णवर्णीयांकरितां एक अध्यापन-विद्यालय निघालें. गोऱ्यांच्या शाळेंत त्यांस मज्जाव होता, म्हणून वेगळें. तेंच पुढें वाढत वाढत १९५३ सालीं फ्लोरिडा ए. अँड एम्. विद्यापीठ झालें. तेथें १८९२ सालीं पी. ए. फॉन वेलर या गृहस्थांनीं सोळा वाद्यांचा बँड उभा केला. पुढील पन्नास वर्षें अनेक हातांखालून तो चालत राहिला. त्या काळाविषयीं मी येथें अधिक लिहीत नाहीं, कारण आजचा जो बँड आहे त्याचा खरा जन्म १९४६ सालीं झाला.

त्या वर्षीं विल्यम पी. फॉस्टर हे तेथें बँडमास्तर म्हणून आले. वय सत्तावीस. जन्म १९१९ चा, कॅन्सस राज्यांतील कॅन्सस सिटीचा. कॅन्सस विद्यापीठांत ते संगीत शिकले. कृष्णवर्णीय वाद्यवृंदचालकास या देशांत जागा नाहींत, असें तेथें त्यांस विद्यार्थी असतांनाच ऐकावें लागलें होतें. जागा नसेल तर आपल्याच लोकांचा असा बँड उभा करूं, कीं कोणत्याही गोऱ्या बँडाच्या शेजारीं तो उभा राहील, असा निश्चय त्यांनीं केला व पुढें ते ही आठवण सांगत असत.

अपमानाच्या पोटीं माणसें दोन तऱ्हेचीं निपजतात. कोणी कडवट होतो, कोणी काटेकोर होतो. फॉस्टर काटेकोर झाले. तालीम तासन्‌तास चाले. मांडी जमिनीशीं समांतर होईपर्यंत गुडघा उचलावयाचा, आणि तो सर्वांचा एकदम. चालीचे निरनिराळे वेग त्यांनीं बसविले. मिनिटास अवघीं वीस पावलें अशी एक संथ चाल, प्रेतयात्रेहूनही संथ. आणि मिनिटास तीनशेंच्या वर पावलें अशी एक द्रुत चाल, कीं पाहणाऱ्यास पाय दिसूंच नयेत. मीं ती संथ चाल पाहिली. शेंकडों माणसें एकच पाय अधांतरीं धरून उभीं, आणि कोणी डगमगत नाहीं. विलंबित लयींत सम गांठणें द्रुतापेक्षां अवघड असतें हें आपल्या गवयांस कोणी सांगावयास नको.

पण फॉस्टर यांनीं याहूनही धाडसाची एक गोष्ट केली. लष्करी चालींत त्यांनीं नृत्य आणलें. लोकांच्या ओठांवर असलेलीं गाणीं आणलीं. एका बाजूस जर्मन पद्धतीची शिस्त, दुसऱ्या बाजूस आपल्या लोकांच्या अंगांतील ताल, आणि दोहोंचा संकर. प्रतिष्ठित विद्यापीठांना तें प्रथम पोरखेळासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. पण चार-पांच दशकांत त्यांच्या युक्त्या सर्व देशभर उचलल्या गेल्या. पथकाची संख्या शंभरावर गेली म्हणून 'मार्चिंग हंड्रेड' हें नांव पडलें, आणि पुढें ती चारशेंवर गेली तरी नांव शंभराचेंच राहिलें. १९८५ सालीं विद्यापीठांच्या बँडांकरितां असलेली सडलर ट्रॉफी त्यांस मिळाली. १९८९ च्या जुलैच्या १४ तारखेस फ्रेंच राज्यक्रांतीची द्विशताब्दी पॅरिसमध्यें साजरी झाली. तेथील भव्य राजमार्गावरून अमेरिकेच्या वतीनें चालण्याचा मान याच पथकास लाभला. ज्यांच्या पणज्यांना त्या देशांत गुलाम म्हणून विकलें होतें, तीं मुलें त्या देशाचें निशाण घेऊन चाललीं.

येथें एक प्रश्न माझ्या मनांत उभा राहिला, तो सांगून टाकतों. वाद्य वाजविणाऱ्याविषयीं आमच्या घरांतून जी वृत्ति होती ती कोणती? सनई-चौघड्यावांचून आमचा मंगलाष्टकांचा मुहूर्त साधत नसे. पण वाजंत्र्यांची पंगत आम्हीं कोठें मांडीत होतों, हें माझ्या वयाच्या वाचकांनीं आपापल्या मनाशीं आठवावें. वहिनींच्या 'वरातींत वाजवायला का' या थट्टेंत तें सर्व दडलेलें होतें. माझ्या हंसण्यांतही होतें.

असो. या वाद्यपथकाच्या दीक्षेंत सहा गुण सांगितलेले आहेत. त्यांचा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. पहिलें शील, मग विद्या, मग नेतृत्व, मग वाद्यकौशल्य, मग अचूक चाल, आणि शेवटीं सेवा. चालणें पांचवें आहे! जगानें जें पाहिलें व ज्याची वाहवा केली, त्यास गुरूनें पांचवें स्थान दिलें. फॉस्टर १९९८ सालीं निवृत्त झाले. बावन्न वर्षें त्यांनीं ती काठी हातीं धरली. १९९४ च्या सुमारास अमेरिकेंतील बँडमास्तरांच्या संघाचें अध्यक्षपदही त्यांजकडे आलें. २०१० च्या ऑगस्टांत, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं ते वारले. जें पुढें घडलें तें पाहावयास ते उरले नाहींत.

२०११ च्या नोव्हेंबराच्या १९ तारखेस ऑर्लँडो शहरीं मोठा सामना झाला. बँडानें वाजविलें. रात्रीं उतरण्याच्या हॉटेलाबाहेर बसगाड्या उभ्या होत्या. त्यांपैकीं एका गाडींत जुन्या मुलांनीं चालविलेला एक विधि होई. गाडीच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे जावयाचें, आणि दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या सोबत्यांनीं मुठींनीं, ढोलाच्या काठ्यांनीं मारावयाचें. त्या रात्रीं हा मार खाऊन गाडी पार करणारा कोणी नवखा पोर नव्हता. तो सव्वीस वर्षांचा ड्रम-मेजर होता. म्हणजे पथकाच्या अग्रभागीं दंड घेऊन चालणारा. बरोबरीच्यांचा मान मिळावा म्हणून तो त्या गाडींत गेला असें पुढें साक्षींत निघालें. तासाभरांत तो कोसळला व त्याच रात्रीं मरण पावला.

मग चौकशा झाल्या. ही गोष्ट पहिली नव्हती हें बाहेर आलें. १९९८ सालीं एका क्लॅरिनेटवाल्यास इतकें मारलें होतें कीं तो रुग्णालयांत पडला. २००१ सालीं एका तुतारीवाल्याचें मूत्रपिंड दुखावलें होतें. एकाच राज्यांतून आलेल्या मुलांचे गुप्त गट होते. चारशें सत्तावन्नांच्या यादींतील शंभराहून अधिक जण त्या वेळीं विद्यापीठाचे विद्यार्थीच नव्हते. तत्कालीन मुख्य ज्यूलियन व्हाइट हे फॉस्टर यांच्याच हाताखालीं तयार झालेले. सामन्याच्या आधींच त्यांनीं सव्वीस मुलांस या अपराधासाठीं दूर केलें होतें, व आपण वरिष्ठांस वेळोवेळीं कळविलें होतें असें त्यांचें म्हणणें होतें. २०१२ च्या उन्हाळ्याआधीं ते निवृत्त झाले. त्याच जुलैंत विद्यापीठाच्या अध्यक्षांनींही राजीनामा दिला. डझनाहून अधिक मुलांवर खटले झाले. मुख्य आरोपीस २०१५ सालीं सहा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. पथक दीड वर्षावर बंद राहिलें. सामने होत, आणि मध्यंतरीं मैदान रिकामें राही.

दोष कोणाचा, याचा निवाडा मी हजारों कोस दूर बसून करणार नाहीं. पण एका गोष्टीचा विचार मनांतून जात नाहीं. संस्कृतांत शिष्यास 'अंतेवासी' असा शब्द आहे; जवळ राहणारा तो अंतेवासी. गुरूच्या घरीं तो जेवी, निजे, गाई राखी. गुरूस त्याचें सर्व वर्तन दिसे. शाळा झाल्या, विद्यापीठें झालीं, आणि गुरु-शिष्यांचें हें जवळ राहणें संपलें. गुरूस शिष्य दिसतो तो वर्गांत किंवा मैदानावर. मैदानावर मांडी समांतर आहे किंवा नाहीं हें तो पाहतो. मैदानावरून बसगाडीपर्यंतची जी वाट आहे, तेथें त्याची दृष्टि पोंचत नाहीं. तेथें दुसरी गुरुपरंपरा चालते. थोरल्या मुलांची. तिचीही दीक्षा असते, तिचीही कठोर शिस्त असते, आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालते. सर्वांत मोठी चूक ही कीं, गुरु तिला आपल्याच शिस्तीची धाकटी बहीण समजतो. 'सोसावें, म्हणजे पोरगा तयार होतो', असें मनांत म्हणतो.

हें मी परक्याविषयीं लिहीत नाहीं. पस्तीस वर्षांपूर्वीं ज्या शाळेंत मी होतों, तेथें लेझमीचें पथक माझ्याकडे होतें. आमचें पथक नांवाजलेलें होतें. जिल्ह्याची ढाल तीन वर्षें आमच्याकडेच. एका वर्षीं स्पर्धेच्या गांवीं आम्ही धर्मशाळेंत उतरलों. मी ओसरीवर निजलों, मुलें आंत. रात्रीं आंतून दबका हंशा ऐकूं आला, आणि तो ऐकून मीं कूस बदलली. सकाळीं इयत्ता आठवींतला एक नवा मुलगा उठेना. ताप आला आहे असें मोठ्या मुलांनीं सांगितलें. मीं त्याच्या अंगावरची चादर काढली. कपाळ गार होतें, तळपाय सुजलेले होते. ओल्या पंचाला गांठ मारून त्याचे कोरडे करतात, त्यांच्या खुणा मी ओळखीत होतों. मी स्वतः मुलगा असतां त्या खाल्ल्या होत्या. त्या मुलानें माझ्याकडे पाहिलें. मीं चादर पुन्हां घातली, त्याच्या जागीं राखीव मुलगा घेतला आणि वहींत 'ताप' असें लिहिलें. ढाल चौथ्या वर्षींही आम्हांला मिळाली. तो मुलगा पुढें लेझमीस आला नाहीं; चांगला ताल होता त्याचा. मोठ्या मुलांना मीं कांहींही बोललों नाहीं, कारण तीं पथकाचा कणा होतीं.

पोरीच्या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ कां सुचलें नाहीं, तें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

टॅलाहासीचें पथक २०१३ च्या सप्टेंबरांत पुन्हां मैदानावर आलें. पूर्वीपेक्षां पुष्कळ लहान. सिल्व्हेस्टर यंग हे नवे मुख्य होते. तेही तेथलेच जुने विद्यार्थी. पूर्ण वेळ शिकणाऱ्यासच प्रवेश, अमुक गुणांखालीं घसरल्यास बाहेर, तालमीच्या तासांस मर्यादा, आणि नियम पाळले जातात कीं नाहीं हें पाहण्यास बँडबाहेरचा स्वतंत्र अधिकारी, अशी व्यवस्था आली. यंग यांच्यामागून शेल्बी चिपमन आले. २०१८ सालीं प्रथमच एक मुलगी तेथें ड्रम-मेजर झाली. आमच्या पोरीनें मला तिचें चलच्चित्र दाखविलें. कमरेंतून मागें इतकी वांकते कीं टोपीचा तुरा जमिनीस लागावा, आणि तोच सरळ उभी राहून चालूं लागते. वहिनी चष्मा लावून तें दोनदां पाहत होत्या.

जाण्याच्या आदल्या रात्रीं मीं पोरीस ती धर्मशाळेची हकीकत सांगितली. घरांत आजवर कोणास सांगितली नव्हती. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "तो मुलगा आतां कोठें आहे?" मला सांगतां आलें नाहीं. मग म्हणाली, "आमच्याकडे मारामारी नाहीं, आजोबा. पण नव्या मुलांना पहिलें वर्षभर नांवानें हाक मारीत नाहींत. नंबरानें मारतात. मलाही मारीत."

"आणि तूं काय करणार?"

"नांवें पाठ करीन," ती म्हणाली. "बाराच तर आहेत."

मीं तिला आणखी एक विचारलें. गांवोगांवीं जातांना तुकडीचे मुख्य बसगाडींत कोठें बसतात? पुढें, मास्तरांच्या शेजारीं, असें तिनें सांगितलें. तो त्यांचा मान आहे. मीं म्हटलें, तो मान तूं सोड. अगदीं मागल्या बाकावर बैस, आणि रात्रीं दिवे मालवल्यावर जागी राहा. ती हंसली. मास्तरच्या मास्तरच राहिलांत तुम्ही, असें म्हणाली. पण नको म्हणाली नाहीं.

सकाळीं निघण्यापूर्वीं वहिनींनीं तिला गच्चीवर नेऊन तुतारी वाजवावयास लावली. काय वाजविलें तें मला कळलें नाहीं. समोरच्या वाड्यांतलीं पोरें कठड्याशीं गोळा झालीं, आणि खालून दूधवाल्यानें वर पाहिलें.

आश्विनांत तिचें पत्र आलें. बारांपैकीं अकरा नांवें नीट म्हणतां येतात. एक पोलंडकडील आडनांव आहे, तें अद्याप जिभेवर बसत नाहीं. नऊ तासांचा बसचा प्रवास झाला. मागल्या बाकावर फार हिसके बसतात, असें लिहिलें आहे.